रेल्वे बघायला ८×४२ ची दुर्बीण: कळव्याच्या गॅलरीतून वर्षभर वापरून

आधीच सांगते, ही दुर्बीण पक्षी बघायला नाही घेतलेली, गाड्या बघायला घेतलीये, म्हणजे रेल्वेगाड्या. दुकानातल्या मुलालाही हे दोनदा सांगावं लागलं कारण तो सारखा बर्डिंग बर्डिंग करत होता. गेल्या दसऱ्याला घेतली, आता वर्ष झालं, एक अख्खा पावसाळा तिने आमच्या घरात काढलाय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण मुद्दा कंपनीचा नाहीच, मुद्दा मापाचा आहे, आणि या मापाची दुर्बीण बऱ्याच कंपन्यांची मिळते. आम्हाला ८,४०० ला पडली, घासाघीस करून, कव्हर आणि पुसायचं कापड धरून.

घेतली बाबांसाठी. बाबा मालगाडीवर गार्ड होते, कल्याण लॉबीला (गार्ड-ड्रायव्हर ड्यूटीवर हजर होतात ते ऑफिस), रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. (२०२२ पासून त्या पोस्टला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आमच्या घरात गार्डच.) त्यांची एक वही आहे. रोज संध्याकाळी चार ते सात गॅलरीत बसायचं आणि जी गाडी जाईल तिची वेळ, अप (मुंबईकडे) की डाउन (मुंबईहून बाहेर), इंजिनाचा नंबर आणि शेड, म्हणजे इंजिनाची देखभाल होते ते ठिकाण, लिहायचं. आधी आम्ही खारेगावच्या फाटकाजवळ चाळीत राहायचो तेव्हा हे सोपं होतं, गाडी तोंडासमोरून जायची, नंबर वाचायला चष्माही लागायचा नाही. मग फाटक जाऊन पूल झाला, आम्ही बिल्डिंगमध्ये नवव्या मजल्यावर आलो, आणि लाइन गेली अडीचशे मीटर लांब. त्यात दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण अडीचशे मीटरवरचा नंबर कुणाला दिसतो, मला पण नाही दिसत. एकदा टेबल पुसताना वही उघडी होती म्हणून बघितलं तर पान भरून वेळा लिहिलेल्या आणि नंबरच्या रकान्यात सगळीकडे नुसत्या आडव्या रेघा. पानामागून पान तसंच. त्या दिवशी ठरवलं दुर्बीण घ्यायची.

आणि पहिली चूक केली. ऑनलाइन बघितलं, फोटो छान, २०×५० लिहिलेलं, किंमत १,८५०, म्हटलं जितकं जास्त झूम तितकं चांगलं. आली ती दुर्बीण आणि बाबांनी डोळ्याला लावली आणि पाच मिनिटांत खाली ठेवली, म्हणाले डोकं दुखतंय गं. मला वाटलं सवय नाही म्हणून, पण मी लावली तर मलाही एकाच्या जागी दोन खांब दिसायला लागले, एक थोडा वर एक थोडा खाली. आतली दोन्ही नळकांडी एका रेषेत बसवलेली नसली की असं होतं, डोळे बिचारे दोन चित्रं जुळवत बसतात आणि डोकं धरतं. तो पीस परत केला. पण समजा तो चांगला निघाला असता तरी कामाचा नव्हता, आणि हे मला नंतर कळलं ते नीट लिहिते कारण याच्यातच सगळं आहे.

दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं त्यातले ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ आल्यासारखी दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. आता ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतं, म्हणजे मागून डोळ्यात जो उजेडाचा गोल येतो तो सव्वापाच मिलिमीटरचा. २०×५० मध्ये तोच गोल अडीच मिलिमीटर. संध्याकाळी सहानंतर उजेड कमी झाला की अडीचवाल्यात सगळं मातकट दिसतं. शिवाय डोळा जरा इकडेतिकडे सरकला की काळं होतं, आणि पंचाहत्तरीच्या माणसाचा हात आणि मान किती स्थिर राहणार. हात हलतो तोही वीसपट हलतो ना.

पण गाड्यांसाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे किती रुंद दिसतं. आमच्या ८×४२ वर लिहिलंय १,००० मीटरवर १३० मीटर. म्हणजे आमच्या अडीचशे मीटरवर साधारण ३२ मीटर. डब्ल्यूएपी-७ इंजिन साडेवीस मीटरचं, म्हणजे अख्खं इंजिन आणि मागच्या डब्याचा तुकडा एका वेळी आत मावतो. गाडी ताशी ९० ने चालली असेल तर सेकंदाला २५ मीटर, म्हणजे नंबर डोळ्यासमोर सव्वा सेकंद राहतो. सव्वा सेकंदात पाच आकडे वाचता येतात, बाबांना तर येतातच. २० वाल्यात रुंदी चौदा मीटर वगैरे असते, इंजिनच मावत नाही, अर्धा सेकंद काहीतरी निळंपांढरं सरकतं आणि संपलं. हे गणित मी माझ्या मुलाकडून दोनदा तपासून घेतलं (सातवीत आहे, वेग अंतर चालूच आहे शाळेत). पक्षी फांदीवर बसतो हो, गाडी बसत नाही.

तर मग बाबांना घेऊन गोखले रोडला गेलो, कॅमेऱ्याचं जुनं दुकान आहे, तिथे. ऑनलाइन घेऊ नका हे माझं पहिलं सांगणं, विशेषतः घरातल्या वयस्कर माणसासाठी घेत असाल तर. त्या मुलाने पाच दुर्बिणी काउंटरवर काढून ठेवल्या आणि म्हणाला काका बाहेर फुटपाथवर येऊन बघा, दुकानात काही कळणार नाही. हे फार आवडलं. समोरच्या बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावरच्या पाटीवरचं बारीक अक्षर बाबांनी प्रत्येकीतून वाचलं. १०×४२ मध्ये पण दिसत होतं छान, पण त्यात हात हललेला कळत होता. ८ मध्ये बाबा म्हणाले, "हां, ही शांत आहे." तिथेच ठरलं.

बाबा चष्मा लावतात त्यामुळे अजून एक बघावं लागलं. मागच्या बाजूला रबराच्या वाट्या असतात त्या फिरवून आत घेता आल्या पाहिजेत, आणि चष्म्यासकट अख्खा गोल दिसला पाहिजे. त्यासाठी आय रिलीफ म्हणून आकडा असतो, तो १५ मिलिमीटरच्या वर हवा, आमच्यात १७ आहे. आणि पुढच्या भिंगात दुकानाच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघायचं, हिरवट जांभळट दिसलं तर कोटिंग आहे, पांढरंशुभ्र दिसलं तर समजायचं काहीच नाही. लाल चकचकीत काचेच्या मिळतात स्वस्तातल्या, त्या मुलानेच सांगितलं त्या नका घेऊ, रंगच बदलतात.

घरी आल्यावर दोन दिवस बाबा म्हणत होते धूसर दिसतंय. मला टेन्शन आलं. मग कळलं की उजव्या डोळ्यापाशी एक वेगळी रिंग असते, डायॉप्टरची, ती लावलीच नव्हती. आधी उजवा डोळा झाकायचा आणि मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला साफ दिसेल असं करायचं, मग डावा झाकून चाकाला हात न लावता फक्त ती रिंग फिरवायची. मोतीबिंदूनंतर दोन डोळ्यांचा नंबर सारखा राहिलेला नसतो त्यामुळे हे केल्याशिवाय चालत नाही. केलं आणि बाबांनी पारसिकच्या बोगद्याच्या दिशेला लावली आणि खांबावरची पाटी वाचली, वर ३६ आणि खाली खांबाचा नंबर, म्हणजे सीएसएमटीपासून छत्तिसाव्या किलोमीटरमधला तो खांब. "अगं, खांब वाचला मी," एवढंच म्हणाले, आणि मग पावणेपाचच्या गाडीची वाट बघत बसले.

आमच्या गॅलरीतून काय दिसतं तेही सांगते म्हणजे कुणाला किती उपयोग होईल कळेल. पारसिकच्या बोगद्याकडे जाणाऱ्या लाइनी समोर आहेत, बोगदा १९१६ चा, १.३ किलोमीटर. लांबच्या गाड्या इथून जातात, कर्जतकडच्याही आणि कसाऱ्याकडच्याही, त्यामुळे पुणे सोलापूर दक्षिण एकीकडे आणि नाशिक भुसावळ उत्तर दुसरीकडे, सगळी इंजिनं एकाच जागी बघायला मिळतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत रूळ १८५४ च्या मे महिन्यात गेले, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली त्याच्या पुढच्या वर्षी. बाबा म्हणतात आपण देशातल्या दुसऱ्या वर्षाच्या लाइनीशेजारी राहतोय, आणि हे ते पाहुण्यांनाही सांगतात.

आता दुर्बिणीने नंबर दिसतो म्हणजे नक्की काय होतं? ज्यांना हा नाद नाही त्यांच्यासाठी. इंजिनावर डब्ल्यूएपी लिहिलं असेल तर डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंटवर चालणारं, पी म्हणजे पॅसेंजर, जी असेल तर गुड्स. बाबांच्या नोकरीच्या काळात इथे तारेत दीड हजार व्होल्टचा डीसी होता, त्यामुळे इंजिनांच्या नावात सी असायचा, डब्ल्यूसीजी-२ वर त्यांची अर्धी नोकरी गेली, आणि दोन्ही करंटवर चालणारं ते डब्ल्यूसीएएम-३, त्यात सीही आहे आणि एही. आपल्या मेन लाइनचं पंचवीस हजार व्होल्टवर जाणं २०१५ ला पूर्ण झालं, हार्बरचं २०१६ ला. म्हणजे बाबा रिटायर झाल्यावर त्यांच्या ओळखीची इंजिनं एकेक करून गेली आणि नवीन आली ती लांबून नुसती पांढरी लाल दिसायची. आता ड्रायव्हरच्या कॅबच्या बाजूला शेडचं नाव वाचता येतं, कल्याण, अजनी, भुसावळ, लाल्लागुडा, ईरोड, आणि एखादं गाझियाबादचं किंवा हावड्याचं इंजिन इकडे दिसलं की मग चर्चा सुरू, हे इकडे कसं आलं, लिंकमधलं (ठरवून दिलेल्या फेऱ्यांमधलं) आहे की असंच कुठून वळवलंय. माझा मुलगा आजोबांच्या शेजारी बसून फोनवर शोधतो आणि आजोबा फोनच्या आधी उत्तर देतात.

वंदे भारतला मात्र बाबा दुर्बीण लावत नाहीत. सोलापूरची आणि शिर्डीची दोन्ही जातात इथून, २०२३ च्या फेब्रुवारीपासून. त्यांना वेगळं इंजिनच नाही, मोटरी डब्यांखालीच. गाडी चांगली आहे म्हणतात, पण नंबरच्या रकान्यात काय लिहू.

मला स्वतःला सगळ्यात जास्त मजा मालगाडीत यायला लागलीये हे मी घेताना कल्पनाही केली नव्हती. मालगाडी हळू जाते, कधी सिग्नलला उभी राहते, आणि वॅगनवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेची, पाचवा सहावा ती कुठल्या वर्षी बांधली, मग चार आकडे तिचा स्वतःचा नंबर, आणि शेवटचा एक आकडा तपासणीचा, आधीचे दहा बरोबर लिहिलेत की नाही ते त्यावरून कळतं. परवा एक उभी होती तर मी आणि मुलगा वर्ष शोधत बसलो आणि माझ्या लग्नाच्या वर्षाची वॅगन सापडली. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रवासी डब्यांवर पहिलेच दोन आकडे वर्षाचे असतात, ते तर अजून सोपं.

बाबा मात्र गाडीचं तोंड बघून झालं की दुर्बीण सरळ शेपटीकडे नेतात. शेवटच्या डब्याला एलव्हीची (लास्ट व्हेइकल) पिवळी पाटी आहे का, लाल दिवा आहे का. ती पाटी म्हणजे गाडी पूर्ण आली, मध्ये कुठे तुटून अर्धी मागे राहिली नाही, हे स्टेशनवाल्याला कळायची खूण. आणि जाता जाता दरवाजे बघतात, कुठे काही लोंबतंय का, कुठल्या चाकापाशी धूर आहे का. नोकरी संपून पंधरा वर्षं झाली तरी डोळा तेच शोधतो. मी एकदा विचारलं तुम्हाला दिसलं काही तर करणार काय, तर म्हणाले १३९ ला फोन करणार, अजून काय. नंबर भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. भिंगाची पुढची झाकणं सैल आहेत, पहिल्याच महिन्यात एक नवव्या मजल्यावरून खाली गेलं आणि सापडलं नाही, आता दुसरं दोऱ्याने बांधलंय. पट्टा बारीक आहे, मानेला काचतो, दुर्बिणीचं वजन साडेसहाशे ग्रॅम, अर्ध्या तासानंतर जाणवतं. आम्ही जुन्या कॅमेऱ्याचा रुंद पट्टा लावला. डायॉप्टरची रिंग आपोआप सरकते, खूण करून ठेवलीये नेलपॉलिशने, रोज बसताना ती जुळवून घ्यायची. रात्री काही उपयोग नाही, समोरून येणाऱ्या इंजिनाच्या हेडलाइटवर तर चुकूनही लावू नका, डोळ्यासमोर बराच वेळ फक्त ठिपका राहतो. आणि सूर्याचं तर फारच जपा. आमच्या इथे संध्याकाळी ठाण्याच्या बाजूला सूर्य खाली येतो आणि अप गाडीच्या मागे दुर्बीण फिरवत गेलं की थेट त्याच्यावरच जाते, एका क्षणात डोळ्याच्या आतल्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. म्हणून बाबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला आम्ही चक्क बांबूचा पडदा लावलाय, त्याच्या पलीकडे दुर्बीण जातच नाही.

या पडद्याचं दुसरंही कारण आहे. घेतल्यावर महिन्याभरात सोसायटीचे सेक्रेटरी आले, म्हणाले मॅडम तक्रार आलीये, तुमच्या गॅलरीतून कुणीतरी समोरच्या विंगमध्ये दुर्बिणीने बघतं. बाबांना इतकं लागलं ते की चार दिवस गॅलरीत बसले नाहीत, वहीत त्या चार दिवसांची पानं कोरी आहेत. पण तक्रार करणाऱ्या काकूंचंही चूक नव्हतं, समोरून बघणाऱ्याला काय कळणार दुर्बिणीचं तोंड लाइनीकडे आहे की खिडकीकडे. मी त्यांना घरी चहाला बोलावलं, वही दाखवली, दुर्बीण हातात दिली, तेवढ्यात डाउनला एक गाडी आली आणि त्यांनी स्वतः नंबर वाचला. मग आम्ही खुर्ची फिरवली, विंगच्या बाजूला तो पडदा लावला, आणि विषय संपला. त्यामुळे बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे की दुर्बीण आणल्या आणल्या शेजाऱ्यांना आधी स्वतः सांगा, तक्रार यायची वाट बघू नका.

पावसाळ्याचं. आपल्या इकडच्या हवेत काचेच्या वस्तूला बुरशी लागते हे कॅमेरेवाल्यांना माहीत असतंच, भिंगाच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरतात आणि मग ती साफ करणं अवघड. आमची वॉटरप्रूफ आहे, आत नायट्रोजन भरलेला आहे त्यामुळे आत वाफ धरत नाही, पण बाहेरून धरतेच. दमट हवेत चामड्याच्या किंवा कापडी कव्हरमध्ये बंद करून कपाटात ठेवणं हे सगळ्यात वाईट. आम्ही स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, चकल्यांचा होता, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर गरम करून परत निळे करायचे (तवा वेगळा ठेवलाय, स्वयंपाकाचा नाही, आणि खिडकी उघडी ठेवून). जून ते सप्टेंबर दर आठवड्याला केलं. काल टॉर्च मारून आतून बघितलं, दोन्ही बाजू स्वच्छ.

रविवारी बाहेर नेतो कधी कधी. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने, ही लाइन २००४ ची, ऐरोलीला उतरून खाडीकडे गेलं की हिवाळ्यात फ्लेमिंगो दिसतात, म्हणजे त्या दुकानातल्या मुलाचं बर्डिंगही झालं शेवटी. पनवेलला एकदा गेलो, दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट दोन तास चालतं, बाकावर बसून जेएनपीटी बंदराकडच्या कंटेनर गाड्या आणि कोकणातल्या गाड्या बघितल्या, बाबांना दोन तास पुरले नाहीत, दुसरं तिकीट काढलं. रुळात किंवा रुळाच्या कडेला उतरून मात्र अजिबात बघत नाही. मुलाचे मित्र जातात रील काढायला, त्याला सांगून ठेवलंय, रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते सोड, आजोबांनी नोकरीत रुळावरून काय काय उचलताना बघितलंय ते त्यांना विचार. त्याने विचारलं. त्यानंतर परत विषय काढला नाही. दुर्बीण असली की जवळ जायची गरजच राहत नाही हे खरं तर तिचं मोठं काम आहे.

घ्यायची असेल तर ८×४२ च घ्या, सात ते दहा हजारांत चांगली येते, दिवसाउजेडी जा, ज्याच्यासाठी घेताय त्याला त्याच्या चष्म्यासकट सोबत न्या आणि बाहेर फुटपाथवर उभं राहून बघा. गोखले रोडचं ते दुकान सोमवारी बंद असतं, आम्ही पट्ट्यासाठी एकदा जाऊन परत आलो.